वरचा बाण

व्हिडिओ बावीस सेकंदांचा होता. नवव्या सेकंदाला स्टीलचं स्टूल वर जायचं, दहाव्याला खाली यायचं, आणि त्या मधल्या क्षणात काउंटरमागे उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा अगदी समोरून दिसायचा. विनीतनं ऑफिसच्या पॅन्ट्रीत, एका हातात चहाचा कप धरून तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा त्याच्या मनात एवढंच आलं, की लोकांना हल्ली झालंय तरी काय. दुसऱ्यांदा पाहिला तेव्हा चेहरा ओळखीचा वाटला. तिसऱ्यांदा त्यानं नवव्या सेकंदावर बोट दाबून चित्र थांबवलं आणि चहा शर्टावर सांडला. तो हितेंद्र होता. लालबागच्या त्यांच्याच चाळीतला, तळमजल्यावरच्या गंगुबाईंचा मुलगा, परळच्या एका खाजगी हॉस्पिटलात रक्ताचे रिपोर्ट देणाऱ्या काउंटरवर बसायचा. आज सकाळीच जिन्याखाली बुटाची नाडी बांधता बांधता "काय विनीतदादा, रविवारी मॅच आहे, येताय ना?" असं म्हणाला होता. आणि आता स्टूल खाली येत होतं, सरळ नाही, तिरकं, डाव्या डोळ्याच्या वर. मागे एक बाई "मारा त्याला, मारा" म्हणत होती आणि तिच्या हातातल्या पिशवीत शहाळं होतं. कोणासाठी तरी शहाळं घेऊन आलेली बाई असं कसं म्हणू शकते, ह्याचा विनीतला इतका संताप आला, की तिथल्या तिथे ते शहाळं तिच्याच टाळक्यात घालावं असं त्याला वाटलं. मग त्यानं व्हिडिओखालची ओळ वाचली. दीड तास रिपोर्ट नाही, स्क्रीन बंद, नातेवाईक भडकले. स्क्रीन बंद. ती स्क्रीन त्यानंच बंद केली होती, सकाळी दहाला दहा कमी असताना, खुर्चीत बसल्या बसल्या, डाव्या हातानं वडापाव खात.

आता हे काम काय असतं ते सांगायला हवं, नाहीतर त्यानं हॉस्पिटलात घुसून वायर तोडली असं कोणालाही वाटायचं. कंपनी छोटी. ऑफिस परळला, जिथं पूर्वी गिरणी होती तिथं आता काचेचा टॉवर आहे, त्याच्या अकराव्या मजल्यावर. हॉस्पिटलांच्या काउंटरवर ठेवायची, कंपासपेटीएवढी एक डबी ही कंपनी विकायची. रिपोर्ट स्क्रीनवर दिसायचे ते ह्या डबीमुळे. पेशंटची माहिती फुटू नये म्हणून डबीनं स्वतःच्या पोटात काही ठेवायचं नाही, असा नियम. म्हणून ती रोज सकाळी दहाला बंद होऊन परत सुरू व्हायची आणि आपला प्रोग्राम नव्यानं मागवून घ्यायची. कुठून, तर इंटरनेटवर भाड्यानं घेतलेल्या गोदामातून. गोदामं दोन, एक ट्रायलचं, एक लाइव्हचं. प्रोग्रामचे बांधलेले गठ्ठे, म्हणजे पॅकेजेस, त्या गोदामांत भरायचे, हलवायचे, जुने झाले की काढायचे, हे काम दोघांचं, विनीतचं आणि सम्यकचं. सगळं एका टूलनं, काळ्या खिडकीत टाइप करून. बटणं नाहीत, चित्रं नाहीत. पुश लिहिलं की गठ्ठा आत. यँक लिहिलं की गठ्ठा उपटून बाहेर. पुढे गोदामाचं नाव, मग पॅकेजचं, मग आवृत्तीचा आकडा. उपटण्याआधी ते टूल एकदा विचारतं, नक्की काढू ना? पण ओळीच्या शेवटी 'डॅश डॅश यस' लिहून ठेवलं तर विचारत नाही, सरळ काढतं. विनीत ते कायम लिहायचा. त्याला कोणी उलट विचारलेलं खपायचं नाही, टूलनंसुद्धा.

आणि आदल्या दिवशी सम्यकनं विचारलं होतं. जेवणाच्या टेबलावर, चौघांच्या देखत, भाजीचा डबा पुढे सरकवत. "विन्या, हे तू पाठवण्याआधी एकदा चालवून तरी बघितलंस का रे?" बस, एवढंच. सम्यकच्या मनात काही नव्हतं, तो हसायचाच तसा, सगळे दात दाखवून. बाकीचेही हसले. नंतर त्यानं विनीतची चूक स्वतःच गुपचूप दुरुस्त केली आणि कोणाला काही बोलला नाही, आणि हेच विनीतला जास्त लागलं. तीन वर्षांपूर्वी हीच नोकरी त्याला सम्यकनं मिळवून दिली होती, हेही लागलेलंच होतं. उपकार करणाऱ्या माणसाचा राग कसा येतो आणि किती मुरतो, हे ज्यानं उपकार घेतलेत त्यालाच ठाऊक. गुरुवारी अकरा वाजता एका नव्या हॉस्पिटलच्या लोकांसमोर सम्यक आपली नवी आवृत्ती दाखवणार होता, चार पॉइंट दोन पॉइंट एक. ट्रायलच्या गोदामातून. ते पॅकेज ऐन वेळी तिथून गायब झालं तर? सम्यक शोधत बसेल, घामाघूम होईल, आणि मग विनीत मागून म्हणेल, का रे, एकदा बघितलं नव्हतंस का? ह्या एका वाक्यासाठी सगळं. वडापावचा घास तोंडात होता. उजव्या हातानं त्यानं वरच्या बाणाचं बटण दाबलं. काळ्या खिडकीत काम करणारा कोणीही अख्खी ओळ परत टाइप करत नाही. वरचा बाण दाबला की मागची ओळ आपोआप येते, तिचं शेपूट बदलायचं आणि एंटर मारायचा. मागची ओळ मंगळवारची होती, जुनी आवृत्ती लाइव्हमधून काढल्याची. विनीतनं शेवटचे आकडे खोडले, नवे लिहिले. सुरुवातीला लाइव्ह लिहिलेलं होतं तिकडे त्यानं बघितलंच नाही. चार पॉइंट दोन पॉइंट एक सोमवारपासून लाइव्हमध्येही होतं आणि एकोणीस हॉस्पिटलांच्या डब्या दहा मिनिटांनी तेच मागणार होत्या. एंटर मारला तेव्हा त्याच्या अंगठ्याला चटणी लागलेली होती, ती त्यानं चाटली.

अकराला सम्यकचं दाखवणं झकास झालं. विनीत चक्रावला, कमांड लागलीच नाही वाटतं म्हणून मनात चरफडला, आणि तेवढ्यात कळलं, की सपोर्टच्या टेबलावरचे फोन दहापासून वाजतायत. लाइव्हचं गोदाम रिकामं आहे हे शोधलं ते सम्यकनंच, पॅकेज परत पुश केलं तेही सम्यकनंच. साडेअकराला सगळ्या स्क्रीन लागल्या. तोवर परळच्या त्या काउंटरवर जे व्हायचं ते होऊन गेलं होतं.

विनीत पॅन्ट्रीतून उठून बाथरूममध्ये गेला. कडी लावली आणि टाइलवर मूठ मारली. एकदा, मग परत, मग तिसऱ्यांदा इतक्या जोरात की सांध्यावरची कातडी सोलून निघाली आणि पांढऱ्या टाइलवर लाल पुसट डाग उठला. दुखलं तसं थोडं बरं वाटलं. आठवीत असताना त्यानं बाकाखालून पुढच्या मनूच्या मांडीत कर्कटकाचं टोक खुपसलं होतं. का, ते आता आठवत नाही. मनूची मांडी हाफ पँटमधून दिसत होती आणि कर्कटक हातात होतं, ह्यापलीकडे कारण असेल असं वाटत नाही. टोक सहज आत गेलं, लोण्यात जावं तसं, आणि मनू ओरडला त्याआधी एक क्षण अगदी शांत होता. त्या क्षणाची गोडी विनीतला अजून जिभेवर असल्यासारखी आठवते. सरांनी विचारलं, कोणी केलं? कोणी बोललं नाही. सरांनी अख्ख्या बाकाला वेतानं फोडून काढलं, पाचही जणांना, आणि विनीतनं आपल्या वाटचे सहा फटके हात पुढे करून खाल्ले. निर्दोष पोरं रडत होती, हा रडला नाही. घरी जाताना त्याला आपण मोठे शूर आहोत असं वाटलं होतं. आता टाइलवरचा डाग त्यानं टिश्यूनं पुसला, हात धुतला, आणि आरशात बघायचं टाळून बाहेर आला.

बाहेर काचेच्या मीटिंग रूममध्ये सम्यकला बसवलं होतं. समोर सुचित्रा मॅडम, त्यांच्या मॅनेजर, आणि लॅपटॉपवर कोणी वकील. काचेतून आवाज येत नव्हता, नुसते ओठ हलत होते. विनीत आपल्या खुर्चीत बसला आणि त्याला सगळं एकदम लख्ख कळलं. गोदामाचं कुलूप उघडतं ते टोकननं. टोकन म्हणजे अक्षरांची आणि आकड्यांची एक लांबलचक किल्ली, ज्याची त्याची वेगळी. कोणी काय उपटलं त्याची नोंद टोकनच्या नावानं होते. आणि विनीतच्या मशीनमध्ये टोकन होतं ते सम्यकचं. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात त्याचं स्वतःचं यायला उशीर होत होता, तेव्हा सम्यक म्हणाला होता, "तोवर माझं वापर, काय फरक पडतो." नंतर आपलं आलं. ते बदलायला दोन मिनिटं लागली असती. तीन वर्षं विनीतनं ती दोन मिनिटं काढली नाहीत. मुद्दाम नव्हे, आळस, अस्सल आपला मुंबईचा आळस, चालतंय ना मग कशाला. तेव्हा आत सुचित्रा मॅडमच्या समोरच्या कागदावर नाव कोणाचं असणार हे सांगायला ज्योतिषी नको होता. आणि आत बसलेल्या सम्यकलाही, ज्यानं सकाळी यँक केलं नव्हतं त्या सम्यकलाही, ते कोणी केलं हे पहिल्या मिनिटाला कळलं असणार. त्याचं टोकन जगात दोनच मशीनवर होतं.

तो आत्ता काचेतून बोट दाखवेल, असं विनीतला वाटत राहिलं. त्यानं मनातल्या मनात ती काच फोडली, खुर्ची उचलून, व्हिडिओतल्या स्टुलासारखी, आणि सम्यकच्या तोंडावर काचेचे तुकडे उडाले, ते दात, ते हसू. मग त्याला स्वतःची किळस आली. मग परत वाटलं की बरं होईल. दरवाजा उघडला आणि सुचित्रा मॅडम बाहेर आल्या, त्याच्या टेबलाशी वाकून हळू आवाजात बोलल्या. त्यांचं मराठी स्वच्छ, पुण्याकडचं.

"विनीत, तो म्हणतोय टोकन माझंच आहे, पण मी ते एकाला वापरायला दिलं होतं. कोणाला ते सांगत नाही. म्हणतो, ज्याचं त्यानं सांगावं. तुला दिलं होतं का?"

"नाही," विनीत म्हणाला.

इतक्या पटकन म्हणाला, की त्यालाच नंतर कळलं. जीभ हातापेक्षा जोरात चालली. सुचित्रा मॅडमनी सुस्कारा सोडला. "मला वाटलंच. खरं सांगू, मला आधीपासून जरा शंका होती त्याच्याबद्दल. काही लोकांना संधी दिली तरी..." वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. पुरं करायची गरज नव्हती. काही लोक म्हणजे कोण हे विनीतला कळलं, त्यांनाही तो समजलाय हे कळलं, आणि सगळ्यात वाईट म्हणजे विनीतला त्या अर्ध्या वाक्यानं आधार वाटला. चिखलात पाय रुतताना खाली दगड लागावा तसा. त्याची आई आठवली. दोन गणपतींमागे सम्यक घरी आला होता, मोदक खाऊन गेला, आणि नंतर आईनं त्याचा कप नळाखाली दोनदा घासला. विनीतनं बघितलं तेव्हा म्हणाली, "चिकट झालेला रे." विनीत काही बोलला नव्हता. तेव्हा बोलला असता तर आज बोलता आलं असतं का, कोण जाणे.

चार वाजता मॅडमनी सांगितलं, सम्यकचं टोकन नष्ट कर. हे कामही काळ्या खिडकीतच व्हायचं, त्यालाही टूलमध्ये शब्द आहे, डिस्ट्रॉय. पण ते टोकन मेलं की विनीतचं मशीनही आंधळं होणार, मॅडमच्या डोळ्यांदेखत. म्हणून "पाच मिनिटं हं" म्हणून त्यानं फाइल उघडली, सम्यकची लांबलचक किल्ली खोडली आणि तीन वर्षं पडून असलेली आपली तिथे चिकटवली. मागे कोणी तरी उभं होतं. त्यानं वळून बघितलं. सम्यक होता, आपली बॅग घ्यायला आलेला. त्यानं स्क्रीन बघितली, किल्ली बदलताना बघितली. चष्म्यामागचे त्याचे डोळे लाल होते पण तो रडला नव्हता. टेबलावरचा आपला स्टीलचा डबा उचलून बॅगेत टाकला आणि चेन ओढली. विनीतनं डिस्ट्रॉय लिहिलं, पुढे सम्यकचं नाव. शेवटी डॅश डॅश यस लिहायला बोट गेलं, पण ह्या वेळी त्यानं ते लिहिलं नाही. टूलनं विचारलं, नक्की? विनीतनं वाय दाबलं.

साडेपाचला तो खाली उतरला तेव्हा सम्यक गेटपाशी उभा होता. विनीतला एक विचित्र सुटका वाटली, की चला, आता हा मारेल. मारू दे. चार खाऊन मोकळे होऊ. सम्यकनं मारलं नाही.

"जेवलास?" त्यानं विचारलं.

"नाही."

"मीपण नाही. चल, चालत जाऊ. तो हितेंद्र तुमच्याच चाळीतला ना? तू त्याचं नाव सांगितलं होतंस एकदा, मॅचवाला. त्याच्या आईला भेटून येऊ."

"तू कशाला?"

"टोकन मी दिलं म्हणून," सम्यक म्हणाला. "माझंही चुकलंच ना. कोणाला किल्ली द्यायची नसते."

दोघं परळकडून लालबागच्या बाजूनं चालत निघाले, पुलाच्या सावलीतून. फुटपाथवर मसाल्याच्या दुकानांतून मिरच्या कांडल्याचा खकाणा येत होता आणि विनीतला शिंका येत होत्या. मधेच सम्यक थांबला आणि रस्त्याकडे बघत म्हणाला, "एक सांगतो विन्या. आत बसलो होतो तेव्हा तुझं नाव अगदी ओठांवर होतं. नाही घेतलं. वाटलं, तू उठून येशील. काचेतून दिसत होतास. तू येशील म्हणून दोन तास बसलो." विनीतनं बाहीला नाक पुसलं. "उद्या दहा वाजता मी मॅडमना सांगणार. लेखी. माझ्या घरात माझ्या एकट्याचा पगार आहे, बाबांना आता काही होत नाही, आणि हा डाग घेऊन मला दुसरीकडे कोणी दारात उभं करणार नाही. तर तू आज विचार कर. तू आपण होऊन सांगितलंस तर मी म्हणेन चुकून झालं. चुकूनच झालं ना?"

"हो," विनीत म्हणाला. हे तर अर्धं खरं होतं.

त्याला वाटलं, आपण इथेच ह्याला पुलाच्या खांबावर आपटावं. डोकं धरून. एकदा, दोनदा. त्यात सम्यकचा काही दोष नव्हता आणि म्हणूनच हात इतके शिवशिवत होते. त्याचे बाबा असेच मारायचे. धोंडू पेंटर म्हणून चाळीत ओळखायचे त्यांना, हात मात्र गिरणीतले, जाड, आणि आई काही चुकली म्हणून त्यांनी तिला कधी मारलं नाही. ते स्वतः कुठं तरी मान खाली घालून आले की मारायचे. पितळी तांब्या, वहाण, हाताला येईल ते. एकदा तिचं मनगट त्यांनी ओट्याच्या कडेवर धरून दाबलं आणि काडी मोडावी तसा आवाज झाला. आणि मारायला लागण्याआधी दर वेळी विनीतला म्हणायचे, दार लाव. शेजारी ऐकायला नकोत म्हणून. सात-आठ वर्षांचा विनीत जाऊन दार लावायचा, वरची कडी पोचायची नाही म्हणून स्टुलावर चढून. मग खाली उतरून भिंतीशी उभा राहायचा. कोणीही त्याला कधी हात लावला नाही. ते लावलेलं दार, आणि आतला तो सगळा उकाडा, ह्यातून तो बाहेर आलाय असं तो समजत होता, शिकला, टॉवरात बसला. सम्यक चालता चालता पुढे गेला होता आणि सिग्नलला त्याची वाट बघत उभा होता, चष्मा पुसत.

चाळीच्या चौकात उन्हं अजून वरच्या गॅलरीवर होती. गंगुबाई आपल्या दाराच्या पायरीवर बसलेल्या, हितेंद्रचे कपडे न्यायला हॉस्पिटलातून तासाभरासाठी घरी आलेल्या. भोवती बायका, आणि बाजूला मंडळाची पोरं, वीस-पंचवीस, सगळ्यांच्या हातात फोन, सगळ्यांनी तो बावीस सेकंदांचा व्हिडिओ पाहिलेला. विनीतला बघून गंगुबाईंचा बांध फुटला.

"डोळो गेलो रे विनीत," त्या म्हणाल्या. "डावो. उजवो वाचतलो म्हणतत. आणि ती बाई, जिच्या रिपोर्टासाठी ह्या सगळा झाला, ती बरी आसा. घराकडे गेली ती."

विनीतनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. तो सोललेला हात. सम्यक पुढे झाला आणि पायरीपाशी उकिडवा बसला, देवळात बसतात तसा नव्हे, आपल्या मावशीसमोर बसतात तसा. "मावशी, मी सम्यक. विनीतच्या ऑफिसातला. ते काउंटरवरचं मशीन आमच्या कंपनीचं. आज ते आमच्याकडूनच बंद पडलं. हितेंद्रची काही चूक नव्हती. तेवढं सांगायला आणि माफी मागायला आलो."

गंगुबाई त्याच्याकडे बघत राहिल्या, त्यांना नीट कळलं नसावं. पण मंडळाचा अनिश पुढे आला. अनिश वाईट पोरगा नव्हे. दुपारी हितेंद्रला रक्त द्यायला पहिला धावला होता तोच.

"आमच्याकडून म्हणजे कोणाकडून?"

सम्यकनं विनीतकडे बघितलंही नाही, मुद्दाम, हे विनीतला कळलं.

"राहतोस कुठे?"

"वरळीला. बीडीडी चाळीत."

"नाव काय म्हणालास?"

"सम्यक."

अनिशनं मान हलवली, मागच्या दोघांकडे बघितलं, आणि ते दोघं एक एक पाऊल पुढे सरकले. कोणी काही वावगं बोललं नाही. नुसती हवा बदलली. मग अनिश विनीतकडे वळला, आवाज एकदम मऊ करून, आपल्या माणसाशी बोलतात तसा. "दादा, तू सांग. ह्यानं केलं?"

सगळा चौक विनीतकडे बघत होता. गॅलरीतून त्याची आई बघत होती. एक शब्द, नाही. पण नाही म्हटलं की पुढचा प्रश्न येणार, मग कोणी. आणि उद्या दहा वाजता हा लेखी देणार. सम्यकनं आता मान वर केली आणि विनीतकडे बघितलं, विनवणी नव्हती त्यात, राग नव्हता, नुसती वाट बघणं होतं, काचेमागे दोन तास बघितली तशी. ती नजर विनीतला सहन झाली नाही. त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली आणि त्यानं सम्यकच्या कानाखाली काढली. उलट्या हातानं, पूर्ण जोर लावून. चष्मा उडून मोरीपाशी पडला. सम्यक बसल्या जागी कलंडला.

तेवढंच पुरेसं होतं. पोरांना विचारायचं ते विचारून झालं होतं, उत्तर मिळालं होतं. पहिली लाथ अनिशची, बरगडीत. मग कोणाची कुठे ते कळेना. सम्यकनं गुडघे पोटाशी घेतले, हात डोक्यावर घेतले, ते हात दोघांनी ओढून बाजूला केले. कोणीतरी बाइकवरचं हेल्मेट आणलं. व्हिडिओतला आवाज खरखरीत होता, त्यात फक्त गलका ऐकू यायचा. इथे एक एक फटका वेगळा ऐकू येत होता, पाठीवरचा जाड, हाडावरचा कोरडा. गंगुबाई "नको रे, नको मारू, माझ्या दारात नको" म्हणून पायरीवरून ओरडत होत्या आणि बायका त्यांना आत ओढत होत्या. हेल्मेट तोंडावर बसलं. सम्यकनं डावा हात सोडवून घेतला आणि डाव्या डोळ्यावर दाबून धरला, बोटांतून रक्त आलं. ते बघून विनीतच्या आत काहीतरी तुटलं. काय ते त्यालाही सांगता आलं नसतं.

"सोडा त्याला," तो म्हणाला. तो मधे घुसला, एकाची कॉलर धरली, दुसऱ्याला ढकललं. "सोडा, त्यानं नाही केलं. मी केलं. सकाळी मी केलं ते."

अनिशनं त्याला मागून कवेत धरलं, प्रेमानंच. "दादा, तू बाजूला हो. मित्र आहे म्हणून आता वाचवू नको."

"अरे मी केलं, ऐक ना, मी."

"तू कशाला करशील? तुझ्या चाळीतल्या पोराचं तू असं करशील?" मागून एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "घरी न्या रे त्याला, बिचाऱ्याला सहन नाही झालं." विनीत हात-पाय झाडत होता, कोणाच्या तरी हाताला चावला, पण अनिशची पकड सुटेना, आणि हेल्मेट परत वर गेलं. मग त्यानं सगळं सांगायला सुरुवात केली, पुराव्यानिशी, कारण खरं सांगायचा दुसरा मार्ग त्याला सुचेना. ओरडून सांगायला लागला, घसा फाटेपर्यंत, सकाळची ती ओळ जशीच्या तशी. वरचा बाण दाबला, मागची ओळ आली, यँक, लाइव्ह स्लॅश काउंटर, आकडे बदलले, चार पॉइंट दोन पॉइंट एक, डॅश डॅश यस, एंटर, टोकन त्याचं होतं पण माझ्या मशीनवर होतं, मी बदललं, चार वाजता बदललं. परत पहिल्यापासून. यँक, लाइव्ह, चार पॉइंट दोन. गॅलरीत त्याच्या आईनं तोंडाला पदर लावला. पोरं क्षणभर थांबून त्याच्याकडे बघायला लागली, मग एकमेकांकडे. "डोक्यावर परिणाम झाला रे ह्याच्या," कोणीतरी हळहळून म्हणालं, "पाणी आणा." पाणी आलं, कोणीतरी ते त्याच्या तोंडाला लावलं, आणि तो पाण्यातूनही तेच म्हणत राहिला. त्या चौकात त्या ओळीचा अर्थ कळणारा एकच माणूस होता, मोरीपाशी कुशीवर पडलेला, आणि तो आता ऐकत नव्हता.